एच-अल्फा/एच-बीटा गुणोत्तर बरोबर, पण एच-बीटा ४० टक्के कमी. चूक कुठे?

कालिना_एमएस्सी
हायड्रोजनच्या तेजोमेघासाठी पायथनमध्ये छोटं मॉडेल लिहिलंय, एच-अल्फा (पातळी ३ ते २) आणि एच-बीटा (४ ते २) या रेषांची तीव्रता काढायला. तापमान १०,००० केल्विन, घनसेंमीला १०० इलेक्ट्रॉन. केस बी धरलीय, म्हणजे २ ते १ सोडून बाकी सगळी लायमन (पहिल्या पातळीवर उतरणारी) संक्रमणं शून्य. लेव्हल एन=५ पर्यंत, एलच्या (कोनीय संवेगाच्या) उपपातळ्या वेगळ्या नाहीत. गुणोत्तर २.९३ आलं, अपेक्षित २.८६. पण एच-बीटाची उत्सर्जकता ०.७३ × १०^-२५ अर्ग घनसेंमी प्रति सेकंद येते, हवी १.२४. संक्रमणांचे ए गुणांक (आपोआप खाली उतरण्याचे दर) दोनदा तपासले, चूक नाही. पुढच्या आठवड्यात गाईडला दाखवायचंय.

घाटकोपर_६५६३
ए गुणांकांना हात लावू नका. एन=२ ते ५ मधले रिकॉम्बिनेशन (प्रोटॉनने मोकळा इलेक्ट्रॉन पकडणं) गुणांक आधी बेरीज करून बघा. १.७ × १०^-१३ च्या आसपास येईल. केस बीचा एकूण आकडा २.५९ × १०^-१३ आहे. म्हणजे एक तृतीयांश इलेक्ट्रॉन पाचव्या पातळीच्या वर पकडले जातात आणि तुमच्या मॉडेलमध्ये ते नाहीतच. तेच खाली गडगडत एच-अल्फा आणि एच-बीटा, दोन्हींना खाद्य पुरवतात. दोन्ही जवळपास सारख्या प्रमाणात उपाशी राहिल्या, म्हणून गुणोत्तर सुटलं.

गुणोत्तरावर भरवसा ठेवूच नये. याच तापमानाला केस एचंही (जिथे लायमन फोटॉन सुटून जातात) २.८६ च येतं, पण एच-बीटा ०.८३ वर उतरते.

एन=५० पर्यंत जा. त्यापलीकडे एकूण रिकॉम्बिनेशनचा एक-दीड टक्का उरतो.

स्लो_लोकल
वरचं बरोबर, पण नुसतं एन वाढवून १.२४ नेमकं बसणार नाही. एल वेगळे करावेच लागतील. ५जी मधला इलेक्ट्रॉन बघा (अक्षर म्हणजे एल: एस ०, पी १, डी २, एफ ३, जी ४): एल एकानेच बदलू शकतो, त्यामुळे ५जी, ४एफ, ३डी, २पी असं प्रत्येक स्टेशन घेतच येतो. एच-अल्फा देतो, एच-बीटा कधीच नाही. ४पी, ४डी वाल्यांना थेट दुसऱ्या पातळीची फास्ट मिळू शकते. सगळ्या उपपातळ्या एकाच डब्यात कोंबल्या की हा फरकच पुसला जातो.

१०० घनतेला प्रोटॉनच्या धडका एन साधारण ३० च्या वर एल मिसळून टाकतात. म्हणून ३० पर्यंत एल वेगळे (४६५ उपपातळ्या), वर सांख्यिकी वाटप. धडका नसलेल्या भागात मॅट्रिक्स लागत नाही, सर्वात वरच्या लेव्हलपासून एकेक उतरत आलं की झालं.

ट्रॉम्बे_प्लाझ्मा
मिल्नेचं सूत्र (आयनीकरणाच्या काटछेदावरून रिकॉम्बिनेशनचा दर देणारं) वापरून गुणांक काढत असाल तर ऊर्जेची जाळी बघून घ्या. १०,००० केल्विनला केटी (औष्णिक ऊर्जा) फक्त ०.८६ इलेक्ट्रॉनव्होल्ट. एक-एक इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पायऱ्या घेतल्या तर अख्खं इंटिग्रल पहिल्या दोन बिंदूंतच संपतं. उंबरठ्यापासून ०.०५ च्या पायऱ्या, १० केटीपर्यंत पुरे. आणि एनची लेव्हल एकत्र धरली असेल तर सांख्यिकी वजन २एन² घ्या, एलचं नव्हे.

आणखी एक. कधी गुणोत्तर ३.८६ आलं तर घाबरू नका: तुम्ही फोटॉन मोजलेत, ऊर्जा नाही. ४८६१/६५६३ ने गुणा.

हेच मॉडेल लॅबमधल्या डिस्चार्ज ट्यूबला मात्र लावू नका. तिथली बाल्मर (दुसऱ्या पातळीवर उतरणारी) रेषा बहुतेक इलेक्ट्रॉनच्या धडकेने उत्तेजित होऊन येते, रिकॉम्बिनेशनने नव्हे. घनता खूप वाढली की तीन कणांचं रिकॉम्बिनेशनही डोकं वर काढतं, आणि प्रत्येक प्रोटॉनमागे त्याचा दर इलेक्ट्रॉन घनतेच्या वर्गाने चढतो.

कालिना_एमएस्सी
बेरीज १.७ च आली. जाळी ०.५ ची होती, तीही बदलली. आता एल वेगळे करायला घेतोय. ३० च्या सीमेवर सांधा नीट बसला का, हे ३५ पर्यंत नेऊन पुन्हा बघेन.

स्लो_लोकल
३५ ला एच-बीटा अर्ध्या टक्क्याच्या वर हलली तर सांधा कच्चा समजा.