स्मार्ट मीटर: राहू द्यायचा की परत न्या म्हणायचं?

निंबोणी (धागाकर्ती):
आई एकटी राहते. चार मजली जुनी इमारत, दुसरा मजला. मागच्या महिन्यात दोन मुलं आली आणि जिन्याखालचे आठही मीटर काढून नवे स्मार्ट मीटर लावून गेली. आई तेव्हा आमटीला फोडणी देत होती. कशावर सही केली ते तिला आठवत नाही. जुना मीटर चक्रीवाला, मी चौथीत असताना बसवलेला. बाबा इस्त्री लावायचे तेव्हा चक्री कशी गरगरते ते बघायला मी मुद्दाम खाली धावायचे.

आता नव्या मीटरचं पहिलं बिल आलंय. दर महिन्याला ११२ च्या आसपास युनिट यायचे, ते थेट १७१. फ्रिज तोच, पंखे तेच, संध्याकाळी टीव्ही तोच. आठ घरांपैकी तिघांचं वाढलंय, चौघांचं होतं तेवढंच आहे आणि एकाचं कमी झालंय (ते काका या विषयावर गप्प आहेत). सोसायटीत "मीटर परत न्या" असा अर्ज फिरतोय. आईने सही करावी का? माझा कल "करावी" कडे आहे, पण आधी दोन्ही बाजू ऐकायच्या आहेत.

हिशेबनीस:
आधी सही करा, मग पुढचं वाचा.

महावितरणने ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे सव्वादोन कोटी मीटरची कंत्राटं दिली. मीटरमागे खर्च बारा हजारांच्या घरात, त्यात मागची संगणकी यंत्रणा आणि काही वर्षांची देखभाल आली. केंद्राचं अनुदान मीटरमागे जास्तीत जास्त ९०० रुपये. उरले अकरा हजार शंभर. दहा वर्षांवर पसरलेत तर महिन्याला नव्वदच्या वर जातात. मीटर मोफत आहे म्हणतात ते खरंच, दारात पैसे मागायला कोणी येणार नाही. पण ही रक्कम दुसरीकडून वसूल झाली नाही तर ती वीजदरातच उतरणार.

दुसरं, प्रीपेडचं. जून २०२४ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड स्मार्ट मीटर लावणार नाही असं सांगितलं. आपण खूश. मग स्मार्ट मीटर 'टीओडी (टाइम ऑफ डे) मीटर', म्हणजे कोणत्या वेळेला किती वीज वापरली ते मोजणारा, हे नाव लावून आले. बिल सध्या वापरानंतर येतं, मान्य. पण उद्या प्रीपेड करायचं ठरलं तर तुमच्या जिन्याखाली कोणाला यावं लागणार नाही, कचेरीत बसून होईल. वीज कायदा २००३ चं कलम ४७(५) म्हणतं की ग्राहक प्रीपेडला *तयार असेल* तर त्याच्याकडून सुरक्षा ठेव घ्यायची नाही. म्हणजे मर्जी ग्राहकाची. ती विचारली का कोणी?

दुपारउजेड:
हिशेबनीस, अर्धाच हिशेब मांडलात. १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटरवाल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू झाली. पुढच्या वर्षांत ती वाढत जाऊन एक रुपयापर्यंत जायची आहे. दुपारी सौर वीज भरपूर असते, म्हणून ही सवलत. चक्रीवाल्या मीटरला वीज दुपारी वापरली की रात्री हे कळतच नाही, मग सवलत देणार कशी?

आम्ही दोघं निवृत्त. वॉशिंग मशीन, इस्त्री, मिक्सर सगळं दुपारी उरकतो. गेल्या महिन्यात त्या वेळेत ९० युनिट गेले, ७२ रुपये वाचले.

लोकल_८_१२:
मी ८.१२ ची लोकल पकडते आणि घरी येते पावणेआठला. ९ ते ५ माझ्या घरात फक्त फ्रिज जागा असतो. तो धरा दिवसाला एक युनिट. त्याचा तिसरा हिस्सा सवलतीच्या वेळेत. महिन्याचे दहा युनिट, आठ रुपये.

कटिंग चहा सुटला. आभारी आहे.

दुपारउजेड:
मशीनला टायमर असतो हो.

लोकल_८_१२:
टायमर आहे. पाणी सकाळी साडेसहा ते साडेसात. आणि धुतलेले कपडे संध्याकाळपर्यंत ओल्या पिळ्यात राहिले की जो वास येतो त्याला ८० पैसे पुरत नाहीत.

हे गमतीत लिहिलं, पण मुद्दा खरा आहे. सवलत त्याला, जो दुपारी घरी असतो आणि ज्याच्याकडे दुपारी चालवायला काही असतं. आमच्या मागच्या चाळीत दोन दिवे, एक पंखा, तेही रात्री. घरून काम करणारा दिवसभर एसी लावतो, त्याला मात्र सूट.

पिठाचीगिरणी:
स्मार्ट मीटरच्या रेडिएशनने डोकं दुखतं असं आमच्या ग्रुपवर आलंय. खरं का?

खटपट्या:
मोबाईल उशाशी घेऊन झोपता ना? मग जिन्याखालच्या मीटरला कशाला घाबरता! पुढे चला.

निंबोणीताई, मी वायरमन, बावीस वर्षं झाली. सही करायची तर करा, पण आधी एक काम करा. घरातला मेन स्विच बंद करा आणि खाली जाऊन मीटरचा लाल दिवा बघा. तो लुकलुकायला नको. मग मेन चालू करून सगळं बंद ठेवा, फक्त १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावा. मीटरवर एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं, पुष्कळ मीटरवर ३२००. तसं असेल तर १०० वॉटला साधारण अकरा सेकंदांनी एकदा लुकलुक. घड्याळ लावून बघा. जमलं तर मीटर बरोबर आहे.

मेन बंद असताना दिवा लुकलुकला किंवा मीटरवर अर्थची (अर्थिंगची) खूण दिसली तर घोळ वायरिंगमध्ये आहे. चक्रीवाला मीटर फक्त फेजची, म्हणजे वीज घरात आणणारी, वायर मोजायचा. आताचा मीटर फेज आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) दोन्ही बघतो आणि ज्यातून जास्त करंट जातो तो धरतो, चोरी पकडायला. जुन्या इमारतीत कोणीतरी कधीतरी शेजारच्याचा न्यूट्रल तुमच्यात बांधलेला असतो. तुमच्या फेजमधून दोन अँपिअर, न्यूट्रलमधून तीन, तर बिल तीनचं. आठातल्या तिघांचंच वाढलं म्हणता, तिथेच मला शंका आली.

वडोदरेकर:
आमच्याकडे मे २०२४ मध्ये यावरून मोर्चे निघाले. आमच्याकडचे प्रीपेड होते. आजीने दोन हजारांचा रिचार्ज केला तर तो भराभर उतरायला लागला. जुन्या मीटरची राहिलेली रक्कमही थोडी थोडी त्यातूनच कापली जात होती, हे लोकांना नीट कोणी सांगितलंच नव्हतं. शेवटी सरकारला थांबावं लागलं, शेजारी पडताळणीचे जुने मीटर लावायची वेळ आली. यंत्रापेक्षा लोकांना न विचारता घाई केली ते जास्त नडलं.

चाकरमानी_देवगड:
मला स्मार्ट मीटर हवाय. गावचं घर गणपती आणि शिमग्याला उघडतं, एरवी कुलूप. रीडिंग घ्यायला आलेला माणूस कुलूप बघून परत जातो आणि सरासरीचं बिल येतं. दिवा न लावता बिल! मग सुट्टीतले दोन दिवस खेटे घालायचे. नवा मीटर शून्य असेल तर शून्य सांगेल, तेही मी मुंबईत बसलेला असताना.

तारतम्य:
देवगडकर, तुमचं घर बंद आहे हे तो मीटर दर अर्ध्या तासाला कुठेतरी लिहून ठेवणार, त्याचं काय? आई कधी उठते, गीझर किती वाजता लागतो, घर किती दिवस रिकामं असतं, सगळं त्या आकड्यांत आहे. ते कंत्राटदाराच्या यंत्रणेतून जातात. केरळने खासगी कंपनीने पैसे घालून दहा वर्षं चालवायचा हा नमुना नाकारला, तो उगाच नाही.

आणि लाईन तोडायचं बघा. थकबाकीसाठी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यायची, हे कायद्याच्या कलम ५६ मध्ये आहे. पण प्रत्यक्षात तोडायला माणूस यायचा. आमच्याकडचा लाईनमन शिडी टेकवून म्हणायचा, "काकू, सोमवारपर्यंत थांबतो, भरून टाका." दुरून बंद होणारा मीटर सोमवारपर्यंत थांबेल?

दुपारउजेड:
तोच लाईनमन दुसऱ्या दारात चहापाणी घेऊन थांबायचा. त्याची आठवण कोणी काढत नाही.

तारतम्य:
काढतो की. पण त्याच्याशी भांडता तरी यायचं.

खटपट्या:
भांडायचंच तर कागदावर भांडा. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत सुधारणा झाली. रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली की पाच दिवसांत शेजारी दुसरा मीटर लावायचा आणि किमान तीन महिने दोन्हींचे आकडे ताडून बघायचे. अर्जात "परत न्या" ऐवजी हे मागा. तक्रारीची पोच घ्या. नाही ऐकलं तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, त्यावर वीज लोकपाल.

निंबोणी:
सव्वा महिन्याने परत आले. खटपट्यादादांचा प्रयोग केला. मेन बंद, आई खिडकीतून ओरडतेय "केला गं बंद", आणि खाली दिवा मात्र लुकलुकतोय! टॉर्च धरून बघितलं तर अर्थची खूणही होती. वायरमन बोलावला. त्याला दोन तास लागले. गच्चीवरच्या पाण्याच्या पंपाचा आणि जिन्यातल्या दिव्यांचा न्यूट्रल आईच्या न्यूट्रलमध्ये बांधलेला निघाला. किती वर्षं होता देव जाणे. ज्या आणखी दोघांचं वाढलं होतं त्यांच्याकडेही असंच काहीतरी आहे, उद्या बघतील.

वेगळा केला. या महिन्याचं बिल १३४ युनिट.

हिशेबनीस:
जरा थांबा. पंपाचा फेज सोसायटीच्या मीटरमधून येतो ना? मग सोसायटीच्या मीटरने ती वीज मोजली, आणि तीच न्यूट्रलमधून परत जाताना आईच्या मीटरनेही मोजली. एकच वीज दोनदा विकली गेली! ज्या मीटरला स्मार्ट म्हणता त्याला हे कळलं नाही?

खटपट्या:
त्याला कळलं म्हणून तर अर्थची खूण दाखवली. बघायला कोणी खाली गेलं नाही.

हिशेबनीस:
खूण दाखवून बिलही लावलं. आणि ११२ चे १३४ झाले, ते वरचे बावीस कोणाचे?

खटपट्या:
जुनी चक्री मंद झाली असणार. वंगण सुकतं, कचरा बसतो, मग बारीकसारीक लोडला ती हलतही नाही. सेट टॉप बॉक्स दहा वॉटचा, रात्रंदिवस चालू राहिला तर महिन्याला सात युनिट. ताई, ते बावीस युनिट इतकी वर्षं आईला फुकट मिळाले असं समजा.

निंबोणी:
हे आईला वाचून दाखवलं. फुकटचं काही घेतलं नाही म्हणाली, आणि सेट टॉप बॉक्सचं बटण बंद करून आली.

मीटर परत न्यायच्या अर्जावर तिने सही केली नाही. पण पंपाचा न्यूट्रल सोसायटीचा, तर त्या महिन्याचं जादा बिल सोसायटीने भरून द्यावं असा अर्ज सेक्रेटरींना दिलाय. तिच्याकडे आलेल्या त्या पहिल्या अर्जाच्या पाठकोऱ्या बाजूवर.