लहान मुलांसमोर वजनाचा विषय काढायचा की नाही?

मुलुंडची_आई:
माझं मत आधीच सांगते, दहा वर्षांखालच्या पोरांसमोर जाड, बारीक, डाएट हे शब्द घरात नकोतच. गणपतीत एक काकू माझ्या सात वर्षांच्या लेकीला सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अगं किती सुटलीयेस, मोदक एकच घे हं". प्रेमानेच म्हणाल्या असतील, पण रात्री पोरगी आरशासमोर पोट आत ओढून बाजूने स्वतःला बघत होती. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये हेच सांगितलंय की वजनावरून बोलू नका, डाएटच्या मागे लावू नका, एकत्र जेवा.

लालबागचा_मामा:
ताई, ते टीनएजर्ससाठी होतं. आणि आम्हाला चाळीत सगळे ढोल्या म्हणायचे, मेलो का? माझ्या भाच्याला डॉक्टरांनी आयएपीच्या, म्हणजे आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या, बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजन) तक्त्यात २७ च्या रेषेच्या वर दाखवला, म्हणजे लठ्ठ. पोरगा नऊ वर्षांचा, जिना चढताना धापा टाकतो. आता त्याला काय सांगू, तू फार गोंडस आहेस? नाव न घेता आजार बरा होतो का.

पार्ल्याचा_बाबा:
मामा, तक्ता आईबापाला दाखवायला असतो, पोराला नाही. त्याला काही न सांगताच बरंच करता येतं, घरात कोल्ड्रिंकची बाटली आणायचीच नाही, झालं. ३०० मिलीत साधारण ३० ग्रॅम साखर, सहासात चमचे, आणि मुलांना अख्ख्या दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणतात. भाच्याचं पोट काढून बोलण्यापेक्षा फ्रीज आवरा.

लालबागचा_मामा:
फ्रीज आवरला, शाळेच्या गेटबाहेरचं काय? २०२० चा नियम आहे की शाळेपासून ५० मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-तेलाचं विकायचं नाही, जाऊन बघा कधीतरी, वडापावची गाडी गेटला टेकून असते. पोराला स्वतःला कळायला नको का? सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना शुगर बोर्ड लावायला सांगितले, ते कोणासाठी, वॉचमनसाठी?

मुलुंडची_आई:
बोर्ड लावा की! त्यावर पेयातली साखर लिहिलेली असते, पोराची कंबर नाही. एवढाच फरक मी सांगतेय.

गोवंडी_टीचर:
सॉरी पण ही चर्चा टॉवरमधली वाटते. माझ्या वर्गात काडी, सुकट असं चिडवतात आणि ती पोरं खरंच कमी जेवलेली असतात. एनएफएचएस-५ या सरकारी आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती आणि वजन जास्त असलेली ४.१ टक्के. एक मुलगी डबा झाकून खाते कारण मैत्रिणी म्हणतात हिला घरी काही देत नाहीत. तिला काय सांगणार, सगळी शरीरं सुंदर असतात? तिला भूक लागलीय हो. म्हणून बोलूच नका हे मला पटत नाही, पण चिडवणं मी वर्गात बंद केलंय, जाड्याचंही आणि काडीचंही.

गिरगावची_आजी:
आमच्याकडे ताटात टाकायचं नाही, बस. आता म्हणे पोर ठरवणार किती खायचं!

पार्ल्याचा_बाबा:
आजी, काय आणि कधी वाढायचं ते तुम्हीच ठरवा, किती खायचं ते त्याच्यावर सोडा. थोडं वाढायचं, हवं तर परत घेईल. पोट भरल्यावरही "एवढा घास आईचा" करत कोंबलं तर पोट भरल्याचं त्याला कळणार कधी?

ठाण्याची_नोकरदार:
हे सगळं आठ वाजता घरी पोचणाऱ्यांना सांगा. मी फास्टमध्ये लटकत येते, तोवर सासूबाईंनी टीव्हीसमोर बिस्किटाचा पुडा संपवून दिलेला असतो आणि मग त्याच म्हणतात हा जेवत नाही, अंगाला काही लागत नाही. आता त्यांना कोणत्या शब्दात सांगू, पोराचं नंतर बघू.

लालबागचा_मामा:
बरं, तक्ता भाच्यासमोर उघडणार नाही, तेवढं मान्य. पण फरसाणाच्या डब्याला मी वाईटच म्हणणार, फरसाणाला काय वाईट वाटायचंय.