'एस्केप करणे'ला मराठीत काय म्हणाल?

नौपाडेकरीण: बारावी आयटीच्या मुलांसाठी एचटीएमएलच्या (वेबपानाची रचना लिहायच्या भाषेच्या) मराठीत नोट्स काढतेय. 'टॅग' (पानाचा भाग सांगणारी खूण) तसाच ठेवला, 'अ‍ॅट्रिब्यूट'ला (टॅगला जोडलेली माहिती) गुणधर्म लिहिलं. अडलंय ते अ‍ॅट्रिब्यूटमध्ये स्क्रिप्ट (जावास्क्रिप्ट भाषेतला कोड) लिहिण्यापाशी. बटण दाबल्यावर संदेश दिसावा म्हणून पोरं ऑनक्लिक="अलर्ट("तलावपाळी")" असं लिहितात (कोड इथे देवनागरीत, समजून घ्या) आणि बटण ढिम्म हलत नाही. 'आतलं चिन्ह एस्केप करा', म्हणजे ते साधा मजकूर म्हणून वाचलं जाईल असं लिहा, हे कसं सांगायचं?

ऐरोलीकर: ताई, आधी घडतं काय ते बघा. ब्राउझर पहिल्यांदा एचटीएमएल वाचतो, जावास्क्रिप्टची पाळी नंतर. दुहेरी अवतरणाने सुरू झालेलं मूल्य (=नंतरचा भाग) पुढचं दुहेरी अवतरण दिसताच संपतं. तुमच्या ओळीत स्क्रिप्ट म्हणून उरतं नुसतं अलर्ट( एवढंच. म्हणून बाहेर दुहेरी, आत एकेरी: ऑनक्लिक="अलर्ट('तलावपाळी')". उलट केलंत तरी चालतं.

बॅकस्लॅशने इथे काम होत नाही, आणि पोरं नेमका तोच लावतात. \" मधला बॅकस्लॅश जावास्क्रिप्टला कळतो, एचटीएमएलच्या लेखी तो एक साधं अक्षर. आत दुहेरीच हवं असेल तर &क्वॉट; लिहायचं. एचटीएमएल त्याचं " करून मगच मजकूर जावास्क्रिप्टकडे देतं. पण स्क्रिप्ट टॅगच्या आत हीच युक्ती चालत नाही, तिथे &क्वॉट; जसंच्या तसं राहतं. म्हणजे इंग्रजीत एकाच 'एस्केप'खाली दोन वेगळी कामं खपतात. मराठीत ती वेगळी ठेवा: बॅकस्लॅशला 'चिन्ह निष्प्रभ करणे', &क्वॉट;ला 'चिन्हाऐवजी संकेत लिहिणे'. 'निसटवणे' वगैरे कृपया नको.

वाशीवाला: 'गुणधर्म' मला खटकतं. सीएसएसच्या (पानाची सजावट ठरवणाऱ्या भाषेच्या) प्रॉपर्टीलाही आपण तेच म्हणतो, मुलं गोंधळतील. शिवाय ऑनक्लिक हा कसला गुणधर्म, ती तर आज्ञा! अ‍ॅट्रिब्यूटच राहू द्या.

जाता जाता: काही जण ऑनक्लिकमध्येही सुरुवातीला 'जावास्क्रिप्ट:' लिहितात. ते एचरेफमध्ये (लिंकचा पत्ता देणाऱ्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये) लागतं. इथे त्याचं नुसतं लेबल (ओळीला दिलेलं नाव) होतं, बिघडत काही नाही, पण उपयोगही शून्य.

नौपाडेकरीण: 'संकेत लिहिणे' पटलं, घेते. 'निष्प्रभ' पोरांना जड जाईल, तिथे 'चिन्हाचा खास अर्थ काढून घेणे' लिहीन. गुणधर्म खोडला.

ऐरोलीकर: नोट्स वर्डमध्ये करताय ना? मग ऑटोकरेक्ट बंद करा. तो सरळ अवतरणं वाकडी करतो, “ ” अशी. एचटीएमएल त्यांना अवतरण मानतच नाही, ती मूल्याचाच भाग होतात. छापील नोट्समध्ये फरक डोळ्यांना दिसणार नाही, पण फाइलमधून कॉपी केलेली ओळ चालणार नाही.