नोकरी हळूहळू कमी करत अक्षरलेखनाकडे वळायचंय, कंपनीकडे परवानगी मागू का?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात परचेसला आहे. हातात 31 हजार येतात. रात्री जेवणं आटोपली, ओटा आवरला की बोरू घेऊन बसते. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, बेदाण्याच्या आणि मसाल्याच्या पाकिटांवरची नावं, असं देवनागरी अक्षरलेखन तीन वर्षं करतेय.

मागच्या आठवड्यात एका मिसळवाल्यांची पाटी होती. त्यातला 'ळ' काही केल्या बसेना. दोन्ही गाठी सारख्या केल्या की अक्षर निर्जीव दिसायचं, डावी मोठी केली की शेजारच्या 'स'वर चढायची. शेवटी बोरूचा काप जरा जास्त तिरका घेतला, तेव्हा एकविसाव्या कागदावर तो उतरला. दीड वाजला होता आणि झोप कुठच्या कुठे पळाली होती. हेच काम करायचं, याबद्दल आता मनात शंका नाही. अडतंय ते कधी आणि कसं यावर.

गेल्या बारा महिन्यांत यातून 1 लाख 68 हजार आले. महिन्याला 14 हजार पडतात, पण ते कागदावर. बहुतेक पैसे नवरात्र-दिवाळी आणि लग्नसराईतले, आषाढ-श्रावण मिळून साडेचार हजार. घराचा 11,400 चा हप्ता मात्र दर महिन्याला जातोच आणि नवऱ्याच्या गॅरेजचंही उत्पन्न कमी-जास्त होतं. सिंहस्थामुळे पंचवटीतून फलकांची विचारणा होतेय. ते काम आवडीने करीन, पण बारा वर्षांनी येणाऱ्या कामावर घर कसं चालवणार? म्हणून ते हिशेबात धरलेलं नाही.

फेब्रुवारीत ग्रॅच्युइटीसाठी लागणारी पाच वर्षं पूर्ण होतील, त्याआधी राजीनामा नाही. ग्रॅच्युइटी वर्षाला 15 दिवसांच्या पगाराने, महिना 26 दिवसांचा धरून मिळते. माझा मूळ पगार 18 हजार आहे, म्हणजे 52 हजारांच्या आसपास होतील. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवायचाय, त्यात ते धरलेत.

खरी अडचण नेमणूकपत्रात आहे. 'लेखी परवानगीशिवाय अन्य उत्पन्नाचं काम करू नये' असं त्यात स्पष्ट आहे. मला आठवड्याचे तीन दिवस मागायचेत, पगार त्या प्रमाणात कमी झाला तरी चालेल. पण मागायला गेले की आजवरचं रात्रीचं कामही सांगावं लागेल. साहेब भले आहेत, त्यांच्याशी खोटं बोलायचं नाही. आधी तोंडी बोलावं की थेट अर्ज द्यावा? ग्रॅच्युइटीची पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत थांबावं का? कारखान्यात कुणाला असे तीन दिवस मिळालेत का?

दुसरं, सासूबाईंना मधुमेह आहे आणि त्यांचा विमा माझ्या कंपनीकडून आहे. स्वतंत्र पॉलिसीत आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून नोकरी असतानाच ती काढायचा विचार आहे. कुणी असं केलंय का?

आणि आगाऊ रक्कम कशी मागता? गंगापूर रोडच्या एका हॉटेलासाठी चार नमुने पाठवले होते. 'कळवतो' म्हणाले. महिन्याभराने त्यातलाच एक फ्लेक्सवाल्याकडून काढून दारावर लावलेला दिसला, पैसे आजतागायत नाहीत. आता नमुन्याआधी निम्मे मागायचं ठरवलंय, पण ओळखीतल्या माणसासमोर जीभ रेटत नाही. तुम्ही नेमकं कोणत्या शब्दांत सांगता, तेवढं लिहाल का?