प्रतिसाद: आधी पाहुण्याच्या नजरेचा विचार करा

डोळ्यांच्या दवाखान्याच्या वेबसाइटच्या मुखपृष्ठावर सरकती चित्रं आणि फिक्या राखाडी अक्षरांतला मजकूर ठेवावा, ही या चर्चेत आलेली सूचना मला पटत नाही. अशा साइटवर येणाऱ्या अनेकांना नीट दिसत नसतं, म्हणून तर ते येतात! मोतीबिंदू असलेल्याला फिकी अक्षरं पार्श्वभूमीत विरघळल्यासारखी वाटतात. डब्ल्यूसीएजी या, वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या निकषांत साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) सांगितला आहे. मी तर ७:१ च धरेन. अक्षरं २०० टक्के मोठी केली तरी मांडणी मोडता कामा नये. फोन नंबर चित्रात अजिबात नको, स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) तो वाचता येत नाही आणि बोट लावून फोनही लागत नाही.

आणखी एक, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. अचानक प्रकाशाच्या चमका, तरंगणारे काळे ठिपके एकदम वाढणं, नजरेसमोर पडदा आल्यासारखं वाटणं ही दृष्टिपटल (डोळ्याच्या आतला पडदा, रेटिना) सुटण्याची लक्षणं असू शकतात. अशा माणसाला अपॉइंटमेंटचा फॉर्म भरायला लावू नका. 'आत्ता फोन करा' हे सर्वात वर, ठळक हवं. डोळ्यात रसायन गेलं तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, हेही तिथेच लिहा.

तपासणीत डोळ्यात घालतात त्या बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, त्यामुळे गाडी चालवत येऊ नका, सोबत कुणीतरी आणा, हे अपॉइंटमेंट पक्की झाल्याच्या संदेशातच सांगा. डॉक्टरांची ओळख थोडक्यात पुरे.