मदत हवी आहे: लेझर लावला की हिऱ्यातल्या कार्बन-१३ ची स्मृती पुसली जाते

हिऱ्यातल्या एनव्ही सेंटरभोवतीचा (कार्बनच्या जागी बसलेला नायट्रोजन आणि त्याशेजारची रिकामी जागा) कार्बन-१३ चा, म्हणजे कार्बनच्या चुंबकीय समस्थानिकाचा, न्यूक्लिअर स्पिन क्वांटम मेमरी म्हणून वापरायचा प्रयत्न चालू आहे. साधा हिरा, म्हणजे कार्बन-१३ साधारण १.१ टक्के. तापमान खोलीचंच. एनव्हीच्या इलेक्ट्रॉन स्पिनमधली अवस्था न्यूक्लिअसवर नेणं जमतंय, नुसती साठवून ठेवली तर टिकतेही बरी. पण इलेक्ट्रॉन रीसेट करायला ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर लावला की न्यूक्लिअसचा फेज (फिरकीतलं नेमकं स्थान, ज्यात माहिती साठते) गेलाच समजा.

कारणाचा अंदाज आहे. इलेक्ट्रॉनचा स्पिन शून्य अवस्थेत असताना आणि उणे एकमध्ये असताना हायपरफाइन कपलिंगमुळे (इलेक्ट्रॉन आणि न्यूक्लिअसमधल्या चुंबकीय जोडणीमुळे) न्यूक्लिअसची फिरकी वेगवेगळ्या वेगाने होते. लेझरखाली इलेक्ट्रॉन नेमका कधी पलटला हे कळत नाही, वर एनव्हीचा चार्जही मध्येच बदलतो. चालत्या घड्याळाचा वेग कुणीतरी न सांगता बदलावा तसं.

मग दूरचा, काही किलोहर्ट्झ कपलिंगचा न्यूक्लिअस निवडावा का? तो लेझर सोसेल, पण डायनॅमिकल डीकपलिंगचे गेट (इलेक्ट्रॉनवर पल्सची मालिका देऊन न्यूक्लिअसवर केलेल्या क्रिया) इतके लांबतील की तोवर इलेक्ट्रॉनचाच कोहेरन्स, म्हणजे क्वांटम अवस्था टिकण्याचा काळ, संपेल, ही भीती. २०१२ मध्ये हार्वर्डच्या गटाने खोलीच्या तापमानाला एका सेकंदापेक्षा जास्त स्मृती दाखवली होती, तीही तीव्र हिरवा लेझर चालू ठेवून; इलेक्ट्रॉन इतका भराभर पलटतो की परिणाम सरासरीत विरतो. मात्र त्यांच्या हिऱ्यात कार्बन-१३ जवळजवळ काढून टाकलेला होता.

साध्या हिऱ्यात ही युक्ती कुणी करून पाहिली आहे का? की एनव्हीमधल्याच नायट्रोजन-१४ चा स्पिन वापरणं शहाणपणाचं? चुंबकीय क्षेत्र वाढवून फरक पडतो का, हेही सांगा.