नायकाच्या डोक्यावर टोप, खलनायकाच्या डोक्यावर दिवा : हेरपटांतलं टक्कल

अर्धचंद्र :

पाय प्लास्टरमध्ये असल्याने गेला आठवडाभर घरीच पडून आहे. वेळ जावा म्हणून शॉन कॉनरीचे सातही बाँडपट ओळीने पाहिले, १९६२ च्या 'डॉक्टर नो'पासून १९८३ च्या 'नेव्हर से नेव्हर अगेन'पर्यंत. लोक पिस्तूल बघतात, गाडी बघतात. मी भांग बघत होतो. कारण सातही चित्रपटांत त्या माणसाच्या डोक्यावर खोट्या केसांचा टोप आहे. विशीतच त्याचे केस मागे सरायला लागले होते आणि पहिला बाँडपट चित्रित झाला तेव्हा तो होता ३१ वर्षांचा. हे कळल्यावर १९६४ चा भांग आणि १९७१ चा भांग एकाच माणसाचा वाटेना.

टोप लावला याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढे आहे. ब्लोफेल्ड हा बाँडचा मुख्य शत्रू. आधीच्या दोन चित्रपटांत त्याचे नुसते हात दिसतात आणि मांडीवरचं पांढरं मांजर. १९६७ च्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'मध्ये पहिल्यांदा चेहरा दिसतो, तर काय? डोनल्ड प्लेझन्सचं गुळगुळीत टक्कल आणि डोळ्यावरून गेलेला व्रण. म्हणजे त्या खोलीत दोन टकले समोरासमोर उभे आहेत आणि आपल्याला टक्कल एकाचंच दाखवलंय. एकाचं झाकायला कारागीर ठेवला, दुसऱ्याचं उजळायला दिवा. १९६९ मध्ये नट बदलले, बाँड जॉर्ज लेझनबी झाला, ब्लोफेल्ड टेली सावालास. टक्कल मात्र जिथल्या तिथे.

माझं म्हणणं एवढंच, की ही रंगभूषेची गरज नव्हती, ही शिकवण होती. केस गेलेला माणूस जग बुडवायला निघतो, केस असलेला वाचवतो. मी स्वतः २४ व्या वर्षापासून बुडवणाऱ्यांच्या पक्षात आहे.

रीळवाला :

अर्धचंद्रराव, पायाबरोबर डोक्यालाही विश्रांती द्या. टक्सिडो चालतो, वॉल्थर पिस्तूल चालतं, चेहऱ्यावरचा मेकअप चालतो आणि टोप तेवढा कटकारस्थान? इयन फ्लेमिंगच्या पुस्तकातल्या बाँडच्या उजव्या भुवईवर काळ्या केसांची एक बट स्वल्पविरामासारखी सतत घसरते. हे त्या पात्राचं ओळखचिन्ह आहे. कॉनरीच्या कपाळावर स्वल्पविराम सोडा, प्रकरण पूर्णविरामाकडे चाललं होतं. मग लावला टोप. शिवाजी महाराजांची भूमिका करणारा नट दाढी लावतो तेव्हा आपण फसवणूक म्हणतो का?

शिवाय कॉनरीला स्वतःला त्याचं काडीचं सोयरसुतक नव्हतं. 'गोल्डफिंगर' १९६४ चा, 'थंडरबॉल' १९६५ च्या डिसेंबरातला. या दोहोंच्या मध्ये सिडनी ल्युमेटचा 'द हिल' आला, त्यात हा गडी बिनटोपाचा, बारीक कापलेले केस आणि मिशी. बाँड म्हणून सगळं जग त्याच्या मागे असताना! १९७६ मध्ये म्हातारा रॉबिन हूड केला तोही मागे सरलेल्या केसांनिशी. १९८८ मध्ये ऑस्कर घ्यायला मंचावर गेला तो उघड्या टकलाने. आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या ५९ व्या वर्षी, 'पीपल' साप्ताहिकाने त्याला सर्वात मादक पुरुष ठरवलं. टोप बाँडचा होता, कॉनरीचा नव्हता.

टवाळ :

बाँडच्या केसालाही धक्का लागत नाही याचं कारण आज समजलं. डिंकाने बसवलेत.

ग्रंथकीटक :

रीळवाल्यांनी पुस्तक काढलंच आहे तर पुढचं पान मी उलटतो. १९६१ च्या कादंबरीत ब्लोफेल्ड पहिल्यांदा येतो तेव्हा त्याच्या डोक्यावर चांगले काळे, राठ, बारीक कापलेले केस आहेत. १९६३ च्या कादंबरीत तो वेश पालटून येतो, तर केस लांब आणि रुपेरी. टकला ब्लोफेल्ड ही फ्लेमिंगची नव्हे, सिनेमावाल्यांची निर्मिती.

मग हिशोब असा होतो : पुस्तकात केस आहेत म्हणून नायकाला टोप लावला, इथपर्यंत ठीक. पुस्तकात केस तर खलनायकालाही होते. त्याला का नाही लावला? निष्ठा एकाच डोक्यापुरती कशी?

रीळवाला :

कारण प्लेझन्स मुळात टकला होता आणि त्या रूपात भेदक दिसत होता. दिग्दर्शकाने जे समोर आहे ते वापरलं.

अर्धचंद्र :

तेच तर म्हणतोय. कॉनरीच्याही डोक्यावर जे 'समोर' होतं ते का नाही वापरलं?

कोल्हापुरी_चिवडा :

आणि ते लोण आपल्याकडं आलं की हो! १९८० च्या 'शान'मधला शाकाल म्हणजे सरळसरळ ब्लोफेल्डची नक्कल. बेट, गुप्त अड्डा, गुळगुळीत डोकं. कुलभूषण खरबंदाला तेव्हा केस होते, ते या भूमिकेसाठी काढले. तिकडं नायकासाठी केस चिकटवले, इकडं खलनायकासाठी असलेले भादरले. त्याआधीपासून मारामारीला एम. बी. शेट्टी होताच. तो पडद्यावर आला की आमच्या थेटरात पोरं ओरडायची, "आला रे गोटा!" काही न करता नुसता दारात उभा राहिला तरी गुन्हेगार.

नेपथ्यकन्या :

वीस वर्षं रंगपटात काढली आहेत, त्यामुळे टोपाच्या बाजूने बोलणं भाग आहे. चांगला टोप म्हणजे टोपी नव्हे. अगदी बारीक जाळी असते, तिच्या एकेका छिद्रात सुईने केस गाठ मारून ओवायचा. पुढच्या कडेला एकेरी, मागे दाट. ती कड कपाळाला स्पिरिट गमने चिकटवायची आणि वरून रंग असा द्यायचा की जाळी कातडीत विरून जावी. शत्रू दोन : घाम आणि क्लोजअप. नाटकात घाम मारतो, सिनेमात क्लोजअप. राज्य नाट्य स्पर्धेत एकदा तलवारबाजीच्या ऐन प्रवेशात आमच्या सेनापतीचा टोप मागे लोंबकळला. त्याने प्रसंगावधान राखून शिरस्त्राण पडल्याचा अभिनय केला. शिरस्त्राण नव्हतंच. प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या, परीक्षकांनी दिल्या नाहीत.

जुने बाँडपट पाहताना मला टोप खुपत नाही, त्याची दाटी खुपते. चाळिशीच्या माणसाला चाळिशीचे केस द्यायला काय हरकत होती? कपाळाचे दोन कोपरे थोडे आत घेतले असते, कानशिलावर विरळ केलं असतं, तर १९७१ मधला बाँड जास्त खरा वाटला असता. पण निर्मात्याला नेहमी विशीचंच डोकं हवं असतं. तिथे माझं मत अर्धचंद्रांना.

डॉक्टरतात्या :

त्या काळी दुसरा इलाज तरी काय होता? हा आनुवंशिक प्रकार आहे. कपाळाचे कोपरे आणि टाळू इथल्या केसांच्या मुळांना पुरुषी संप्रेरक सोसत नाही, मागच्या आणि कानावरच्या केसांना सोसतं. म्हणून वरचं रान उजाड होतं आणि झालर शिल्लक राहते. मागचे केस पुढे लावले तर ते टिकतात हे न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइच यांनी १९५० च्या दशकात दाखवलं खरं, पण तेव्हाचे गठ्ठे बाहुलीच्या केसांसारखे दिसत. औषधांचं म्हणाल तर केसांसाठी मिनॉक्सिडिलला अमेरिकेत मान्यता १९८८ मध्ये, फिनास्टेराइडला १९९७ मध्ये. तोवर कॉनरीचा शेवटचा बाँडही जुना झाला होता. तेव्हा टोप हाच सभ्य पर्याय. उगाच त्यात तत्त्वज्ञान शोधू नका.

अर्धचंद्र :

तात्या, पर्याय तिसराही होता : काहीच न करणे.

खडखडाट :

धागाच चुकीच्या पायावर आहे. ज्या वर्षी टकला ब्लोफेल्ड आला त्याच १९६७ मध्ये युल ब्रिनर 'द डबल मॅन'मध्ये सीआयएचा हेर होता, गुळगुळीत डोक्याने, नायक म्हणून. २००२ मध्ये विन डिझेल 'ट्रिपल एक्स'मध्ये हेर. कुणी तिकीट परत मागितलं का? टकला नायक चालत नाही हे टकल्यांनीच पसरवलेलं दुःख आहे.

अर्धचंद्र :

खडखडाटराव, इथे तुम्ही मला हवं ते हातात दिलंत. ब्रिनरने १९५१ मध्ये रंगभूमीवर 'द किंग अँड आय'साठी डोकं भादरलं आणि तीच ओळख केली. सावालासनेही एका भूमिकेसाठीच भादरलं आणि तसंच ठेवलं. मुंडण वेगळं, टक्कल वेगळं! मुंडण माणूस करतो, टक्कल माणसाला पडतं. मुंडणात हुकूम आहे, मठ आहे, लष्कर आहे. टकलात फक्त बाप आहे. तात्या म्हणाले ती झालर, कानापासून कानापर्यंत जाणारी, मधे चकाकणारं मैदान, ती घेऊन छतावरून उडी मारणारा एक तरी हेर दाखवा.

ग्रंथकीटक :

१९७९ ची बीबीसीची मालिका. जॉर्ज स्माइलीच्या भूमिकेत ॲलेक गिनेस, विरळ पांढरे केस, मोठा चष्मा. त्याच्याहून चांगला हेर पडद्यावर झालेला नाही, असं माझं पक्कं मत आहे.

अर्धचंद्र :

तो उडी मारत नाही. तो चष्मा पुसतो.

ग्रंथकीटक :

म्हणूनच तो चांगला हेर आहे.

चहावाला_विल्सन :

खरे हेर तर टोपच वापरतात हो! मे २०१३ मध्ये मॉस्कोत रायन फोगल नावाचा अमेरिकी दूतावासातला अधिकारी पकडला गेला. रशियनांनी तो सीआयएचा म्हणून जाहीर केला आणि टेबलावर मांडलेल्या वस्तू जगाला दाखवल्या : गॉगल, नकाशा, होकायंत्र, नोटा आणि चक्क केसांचे टोप. आपल्या राज्य नाट्यच्या पेटीतून काढल्यासारखे. म्हणजे एकविसाव्या शतकातही केसाने गळा कापायचं तंत्र तेच आहे. टोप घातलेला कॉनरी हीच बाँडपटांतली सगळ्यात वास्तववादी गोष्ट निघाली.

ठाण्याची_मावशी :

इतका वेळ गप्प होते. तुम्हा पुरुषांचा एक टोप निघाला तर वीस प्रतिसाद. त्याच साठच्या दशकातल्या नायिकांच्या डोक्यावर जे गोपुर असायचं ते काय त्यांच्या आईने दिलेलं? आत भरणा असायचा, गंगावनं असायची. माझ्या आत्याने लग्नात हातभर गंगावन लावलं होतं, कुणी तिला कटकारस्थान म्हटलं नाही. म्हटलं ते एवढंच, की जरा घट्ट बांध. बायकांचेही केस गळतात, चाळिशीनंतर भांग रुंद होतो, त्यावर हेरपट सोडा, जाहिरातसुद्धा धड बोलत नाही.

अर्धचंद्र :

मावशी, मुद्दा मान्य. पूर्ण मान्य.

बंगळूरकर :

आमच्या गावच्या शिवाजीराव गायकवाडांना सगळे विसरलात. म्हणजे रजनीकांत, घरची भाषा मराठी. माणूस लोकांत वावरतो तो टक्कल, पांढरी दाढी आणि साधा शर्ट. पडद्यावर येतो तो झुपकेदार केसांनी. लाखो लोकांनी दोन्ही पाहिलंय आणि दोन्हीवर शिट्ट्या मारल्यात. २००७ च्या 'शिवाजी'च्या शेवटी तर गोटा करून येतो तेव्हा थेटर डोक्यावर घेतलं होतं. प्रेक्षकाला टोप माहीत असतो, त्याला फसवणूक वाटत नाही. वेषभूषा आहे हे दोघांनाही ठाऊक असतं.

रीळवाला :

बंगळूरकर, जियो. मी इतका वेळ हेच सांगतोय.

अर्धचंद्र :

रजनीकांतपुढे मी नमतो. तिथे नट आणि प्रेक्षक दोघेही डोळा मारतात. बाँडपटात डोळा मारणं नव्हतं, तिथे ते केस खरे म्हणून विकले गेले. आणि लोक किती मनावर घेतात बघा : २००५ मध्ये डॅनियल क्रेगचं नाव जाहीर झालं तेव्हा 'बाँडचे केस सोनेरी कसे' म्हणून गहजब झाला होता. निदान होते तरी!

आता खरं सांगतो. तेहतिसाव्या वर्षी मीही हेअर पॅच लावला होता. स्थळं येत होती, फोटो जायचा पाच वर्षांपूर्वीचा, आणि पाहायला गेलो की मुलीची आई आधी कपाळाकडे बघायची, मग पोह्यांकडे. दुकानदार म्हणाला, आंघोळ करा, पोहा, काही होणार नाही. बारा दिवसांनी सकाळच्या लोकलमध्ये दारात उभा होतो. समोरून जलद गाडी गेली, वाऱ्याने पुढची कड सुटली आणि सगळं झाकण वर उघडलं. पूर्ण सुटलं नाही, मागच्या टेपवर उभं राहिलं. डब्यात कुणी हसलं नाही. एका काकांनी उठून मला आत बसायला जागा दिली. गर्दीच्या वेळी, लोकलमध्ये! त्या दयेपेक्षा ब्लोफेल्डचं मांजर परवडलं.

टवाळ :

बसायला जागा मिळाली? कुठल्या दुकानातून घेतलात ते व्यक्तिगत निरोपाने कळवा.

नेपथ्यकन्या :

अर्धचंद्र, हसू आवरत नाही, माफ करा. पुढची टेप घामाने आधीच सैल झाली असणार, रोज स्पिरिटने पुसून नवी लावावी लागते. हे दुकानदाराने सांगायला हवं होतं. तो पॅच अजून आहे का?

अर्धचंद्र :

आहे. कपाटात, बुटांच्या खोक्यात. बायको त्याला 'तुझा पहिला नवरा' म्हणते, कारण फोटोत तिने पसंत केला तो तोच.

नेपथ्यकन्या :

मग टाकू नका, मला पाठवा. यंदाच्या आमच्या नाटकात गुप्त पोलीस आहे आणि भूमिका मिळालेल्या मुलाला सत्ताविसाव्या वर्षीच झालर आली आहे. दिग्दर्शकाला नायकाचे केस दाट हवेत.

अर्धचंद्र :

पाठवतो, पण एका अटीवर. मुलगा आहे तसा राहू दे. टोप खलनायकाला लावा.

नेपथ्यकन्या :

दिग्दर्शकाला विचारून सांगते. डोक्याचं माप कळवा.